एक बाण जास्त

१

जिना झाडणाऱ्या बाईने सकाळी मानसशास्त्र विभागाचं दार उघडलं, चार पावलं आत टाकली आणि तिच्या हातातला झाडू गळून पडला.

इमारतीच्या मधोमध जिन्याची उभी पोकळी होती. तिच्या तळाशी, गार फरशीवर, धाकटी पडली होती. एका पायात चप्पल होती. दुसरी वर तिसऱ्या मजल्यावर, कठड्याला टेकून उभी होती.

दुपारच्या चहापर्यंत सगळ्यांचं ठरूनही गेलं. पोरीला अपमान सोसला नाही.

अपमान आदल्या दिवशीच झाला होता, भरल्या सभागृहात. धाकटी विभागात संशोधन करत होती. शहराबाहेरच्या एका बालगृहात ऐकत नाहीत अशा मुलांना एका बंद खोलीत ठेवत. खोलीचं नाव शांतखोली. या खोलीने मुलं मोडतात, बोलेनाशी होतात, असं धाकटीचं म्हणणं होतं. विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत, त्यांचं म्हणणं होतं की मुलं मुळातच आजारी असतात, खोलीचा काही संबंध नाही. बालगृहाच्या सल्लागार मंडळावर सर होते आणि खोली ठेवायची की पाडायची याचा निर्णय त्याच महिन्यात व्हायचा होता.

दोघांनी आपापलं मॉडेल मांडलं होतं. मॉडेल म्हणजे एक आकृती: गोल, आणि एका गोलाकडून दुसऱ्याकडे जाणारे बाण. प्रत्येक बाण म्हणजे ‘यामुळे ते घडतं’ असा दावा. मग संगणक ती आकृती मुलांनी प्रश्नावलीत दिलेल्या उत्तरांशी ताडून बघतो आणि तफावतीचा एक आकडा देतो. तफावत कमी, तर आकृती खरी असण्याची शक्यता जास्त. दोन्ही आकृत्या अगदी सारख्या होत्या. फरक एकच. धाकटीच्या आकृतीत शांतखोलीकडून मुलांच्या मोडण्याकडे जाणारा एक बाण होता. सरांनी तो पुसला होता.

पडद्यावर निकाल आला. सरांची तफावत कमी, धाकटीची जास्त.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “बाईंनी एक बाण जास्त मारला,” ते म्हणाले, “आणि तो त्यांनाच लागला.”

सभागृह खदखदून हसलं. पहिल्या रांगेत धाकटीचा नवराही हसला.

पोलिसांनी आत्महत्या लिहून टाकली. पण धाकटीची थोरली बहीण कुलगुरूंच्या दालनाबाहेर जाऊन बसली ती हलेचना. शेवटी कंटाळून कुलगुरूंनी दुसऱ्या विद्यापीठातल्या एका संख्याशास्त्राच्या बाईंना चौकशीला बोलावलं. त्यांच्या विषयातले सगळे त्यांना पाठीमागे ‘चिमटा’ म्हणायचे. दुसऱ्याच्या शोधनिबंधातली नेमकी दुखरी जागा धरून त्या ओढत, आणि समोरचा कळवळला तरी सोडत नसत.

चिमटाबाई आल्या, सभागृहात एकट्या बसल्या आणि त्यांनी तो निकाल पुन्हा पडद्यावर लावायला सांगितला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी थोरलीला बोलावून घेतलं.

“तुमची बहीण शुद्धीत असेल,” त्या म्हणाल्या, “तर या निकालाने तिने जीव दिला नाही. हा निकाल होऊच शकत नाही.”

२

थोरली कोट शिवायची. बोटांना सुयांच्या टोकांचे काळे ठिपके होते आणि रडून रडून आवाज बसला होता.

“मला आकड्यातलं काही कळत नाही हो,” ती म्हणाली.

“कळेल. एकाच माणसाच्या मापाचे दोन कोट शिवलेत. अगदी सारखे. पण एकाला कमरेला पट्टा आहे. आवळायचा तर आवळा, नको तर सैल सोडा. आता पट्टा असलेला कोट त्या माणसाला बिनपट्ट्याच्या कोटापेक्षा वाईट बसेल का?”

“कसा बसेल? पट्टा सैल सोडला की तोच कोट झाला ना.”

“तुमच्या बहिणीचा बाण म्हणजे तो पट्टा. बाणाची गरज नसेल तर संगणक त्याला शून्य धरतो, आणि आकृती होते हुबेहूब सरांची. म्हणजे तिची तफावत सरांइतकी असेल, नाही तर कमी. जास्त कधीच नाही. आणि इथे जास्त आहे.”

थोरली पडद्याकडे बघत राहिली. तिच्या कपाळावरची शीर हलली.

“तरीही पट्ट्याचा कोट वाईट बसला,” ती सावकाश म्हणाली, “तर आत माणूस दुसरा आहे.”

चिमटाबाईंनी मान हलवली. “दोन मॉडेलं मुलांच्या दोन वेगळ्या गटांच्या उत्तरांवर चालवली गेली. कुणीतरी मुलं बदलली.”

“तिला हे कळलं होतं?”

“संशोधन करणारीला एका तासात कळायला हवं. ती तुमच्याशी बोलली होती?”

“संध्याकाळी फोन आला होता तिचा. मला वाटलं रडत असेल, तर हसत होती. म्हणाली, ‘ताई, मला फसवलंय. आणि फसवणारं माणूस किती अडाणी आहे गं!’ मी म्हटलं, कोण ते सांग, मी येऊन कानफटवते. तर म्हणाली, ‘उद्या सांगते. आधी विचारते, मग सांगते.’”

“पोलिसांना सांगितलंत?”

“सांगितलं की. म्हणाले, हसणं हाही धक्क्याचाच प्रकार.”

चिमटाबाई उठल्या. सभागृहाच्या दारात त्यांना पावलांचा आवाज आला. कुणीतरी बाहेर उभं राहून ऐकत होतं, आणि आता लगबगीने निघून चाललं होतं.

३

तो मेजर होता. फौजेशी त्याचा काही संबंध नव्हता. छाती काढून चालायचा म्हणून नाव पडलेलं. धाकटीच्या बरोबरीचा संशोधक. त्या दिवशी पेनड्राइव्ह लावून दोन्ही मॉडेलं त्यानेच सगळ्यांसमोर चालवली होती.

चिमटाबाईंनी त्याला गाठलं आणि निकालाचा कागद पुढे धरला. “यात काय चूक आहे?”

मेजरची छाती आत गेली. “तिचा आकडा मोठा असू शकत नाही.”

“हे कधी कळलं तुम्हाला?”

“तेव्हाच.”

“आणि गप्प बसलात?”

“सर बोलत होते. सगळे हसत होते, मॅडम. आणि खरं सांगू? मलाही बरं वाटलं. दर वेळी तीच पुढे असायची. म्हटलं, एक दिवस पडली तर पडली. उद्या सांगू.”

“पेनड्राइव्हमध्ये तुम्ही काही बदललं?”

“नाही. पेनड्राइव्ह तिनेच आदल्या रात्री घरी तयार करून आणला होता. दोन फोल्डर होते, एक सरांच्या मॉडेलचा, एक तिच्या. प्रत्येकात मुलांच्या उत्तरांची आपापली प्रत. मी नुसती बटणं दाबली.”

सरांच्या खोलीत पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली होती. त्यांनी कागद हातात घेतला आणि डोळ्यांपासून लांब धरला.

“हास्यास्पद आहे,” ते म्हणाले. “पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. दोन प्रती जुळत नव्हत्या.”

“सभागृहात तुमच्या लक्षात आलं नव्हतं?”

“आलं की.”

“मग?”

“तिने स्वतः शोधायला हवं होतं. मी शिक्षक आहे, आया नाही.” सरांनी कागद परत केला. “माणूस पाण्यात पडल्याशिवाय पोहायला शिकत नाही.”

“ती पाण्यात नाही पडली, सर. फरशीवर पडली.”

सरांनी घड्याळाकडे बघून पुढच्या तासाची वेळ झाल्याचं सुचवलं.

राहिला नवरा. विभागात तो समुपदेशन शिकवायचा आणि आठवड्यातले काही दिवस बालगृहात मुलांचा समुपदेशक म्हणून जायचा. मऊ आवाजाचा, नीटनेटका माणूस. घरात धाकटीचा जुना चष्मा अजून टेबलावर होता. त्याने तो उचलून खणात ठेवला आणि चिमटाबाईंना खुर्ची दिली.

“मी तिला किती वेळा सांगितलं, सरांशी टक्कर घेऊ नकोस,” तो म्हणाला. “हट्टी होती. त्या संध्याकाळी काम आवरते म्हणून विभागातच थांबली. मी घरी वाट बघत बसलो.”

“यात काय चूक आहे?” कागद पुढे करत चिमटाबाईंनी विचारलं.

त्याने मन लावून पाहिलं. वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिलं.

“चूक? काही नाही,” तो खिन्नपणे म्हणाला. “तिचं मॉडेल पडलं, एवढंच.”

चिमटाबाईंनी कागदाची घडी केली. बाहेर येऊन त्यांनी इन्स्पेक्टरला फोन लावला आणि म्हणाल्या, “उद्या सभागृहात या. पण मागे बसा आणि मी बोलेपर्यंत शिंकूसुद्धा नका.”

४

फोन ठेवून त्यांनी पेनड्राइव्हमधल्या दोन्ही प्रती शेजारी शेजारी उघडल्या आणि संध्याकाळपर्यंत ओळीला ओळ लावून पाहिली. मुलांची नावं कुठेच नव्हती, नुसते क्रमांक. क्रमांक तेच, मुलांची संख्याही तीच. पण धाकटीच्या प्रतीत काही क्रमांकांसमोर भलतीच उत्तरं चिकटवलेली होती. ती जुन्या एका पाहणीतल्या मुलांची होती. त्या मुलांनी शांतखोली कधी पाहिलीही नव्हती.

सकाळी त्या बालगृहात गेल्या. क्रमांक कुठल्या मुलाचा, हे तिथे दोघांनाच ठाऊक होतं: अधीक्षिकेला आणि समुपदेशकाला. अधीक्षिकेने कपाटातली वही काढून बदललेले क्रमांक एकेक करून पाहिले.

“सगळी मागच्या इमारतीतली,” ती म्हणाली. “फार त्रास देतात ती.”

“त्यांना शांतखोलीत कोण पाठवतं?”

“समुपदेशक सही करतात. त्यांच्या सहीशिवाय कडी लागत नाही आमच्याकडे.” नियम पाळल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं.

दुपारी सभागृहात सर, मेजर, नवरा आणि थोरली एवढेच होते. इन्स्पेक्टर शेवटच्या रांगेत, खांबाआड.

“मुलं बदलली गेली,” चिमटाबाईंनी सुरुवात केली. “कुणी, ते मी आकड्यांना नाही विचारलं. फसवणाऱ्याच्या अज्ञानाला विचारलं. सरांनी फसवलं असतं तर दोन्ही प्रतींत मुलं बदलली असती. मग आकडे गुण्यागोविंदाने नांदले असते आणि मलाही काही कळलं नसतं. मेजरनेही तेच केलं असतं. दोघांनाही सभागृहातच चूक दिसली होती. दोघेही गप्प बसले, तो त्यांचा त्यांनी भोगायचा प्रश्न. पण ज्याने फसवलं त्याला वाटलं, तिचा निकाल बिघडवायचा तर तिच्याच फोल्डरमधली मुलं बदलली की झालं.”

मेजर खाली बघत होता. सर छताकडे.

“पण तेवढ्याने भागत नाही,” बाई पुढे म्हणाल्या. “अडाणी माणसं पुष्कळ आहेत. म्हणून मी बघितलं, बदललेली मुलं कुठली. आणि तिथे मात्र निराशा झाली. तिन्ही इमारतींतली सरमिसळ होती. कसलाच धागा नाही. डोळे मिटून निवडल्यासारखी.”

“डोळे मिटून कशी?” नवरा एकदम म्हणाला. “मागच्या इमारतीतलीच होती ती सगळी—”

इन्स्पेक्टर खांबाआड सावरून बसला.

“क्रमांकावरून तुम्हाला इमारत कळते,” चिमटाबाई म्हणाल्या. “इथे दुसऱ्या कुणालाच कळत नाही. पण कुठले क्रमांक बदलले, हे मी इथे बसलेल्या कुणालाही सांगितलेलं नाही.”

थोरली जागची उठली; मेजरने तिचा दंड धरला.

“मॉडेल कळणारे इथे दोघे होते, त्यांना मुलं माहीत नव्हती,” बाई म्हणाल्या. “मुलं माहीत असलेली अधीक्षिका पेनड्राइव्हच्या जवळपासही नव्हती. मुलं माहीत, मॉडेल कळत नाही, आणि निकालाच्या आदल्या रात्री पेनड्राइव्ह घरात हाताशी, असा माणूस एकच. तुमची बायको त्या खोलीपासून निघणारा बाण दाखवत होती. मागच्या इमारतीतली मुलं हिशेबात राहिली असती तर बाण ठळक झाला असता, आणि मग कुणीतरी विचारलं असतं, त्या मुलांना खोलीत धाडणारी सही कुणाची? तिला हे माहीतच नव्हतं. तिच्यासमोर नुसते क्रमांक होते.”

“मी तिला मारलं नाही,” नवरा म्हणाला.

“तिने बहिणीला सांगितलं, आधी विचारते, मग सांगते. वैऱ्याला कुणी आधी विचारत नाही. घरच्या माणसाला विचारतात. त्याला सावरायला वेळ मिळावा म्हणून.”

आपल्या तळहाताकडे बघत तो त्याच मऊ आवाजात बोलू लागला. जणू समोर बसलेल्या मुलाला समजावत होता.

“फोन करून तिनेच बोलावलं. कठड्यापाशी उभी होती. रागावली नव्हती. का केलंस विचारलं, मी सांगितलं. तर म्हणाली, घाबरू नकोस, सकाळी आपण दोघं मिळून सरांकडे जाऊ, सगळं सांगून टाकू. माझा हात धरला होता तिने. सोडतच नव्हती.”

थोरलीच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता. इन्स्पेक्टर खांबाआडून पुढे आला.

नवऱ्याला नेताना सरांनी चिमटाबाईंकडे वळून मान तुकवली. “सुरेख विश्लेषण,” ते म्हणाले. “मात्र खोलीचा प्रश्न अजून सुटलेला नाही, हे ध्यानात ठेवा.”

५

सर खोटं बोलत नव्हते.

मंडळाच्या बैठकीत चिमटाबाईंनी दोन्ही मॉडेलं खऱ्या मुलांवर चालवून दाखवली. धाकटीचा बाण भक्कम उभा राहिला, सरांची आकृती पार मागे पडली. थोरलीला आत घेतलं नव्हतं. ती दाराबाहेर बाकावर बसली होती.

“मान्य,” सर म्हणाले. “बाण आहे. आता तो जरा उलटा करून पाहू.”

त्यांनी तोच बाण फिरवला. खोलीमुळे मुलं मोडतात असं नाही. मुलं मोडलेली असतात म्हणून खोलीत जातात. संगणक चालला. तफावत तीच आली, शेवटच्या आकड्यापर्यंत तीच.

“दोन्ही आकृत्या सारख्याच बसतात,” सर मंडळाला म्हणाले. “बाई नाकारतील का?”

चिमटाबाईंना नाकारता येईना. अशा आकृतीत नुसत्या उत्तरांवरून बाणाची दिशा कळत नाही, हे त्यांनीच कितीतरी वर्गांना शिकवलं होतं. आधी काय आणि नंतर काय, हे कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं. खोलीत जाण्याआधी प्रत्येक मुलाला तपासलेला माणूस एकच होता, धाकटीचा नवरा, आणि तो कोठडीत वकिलाच्या सल्ल्याने तोंडाला कुलूप लावून बसला होता.

“आम्ही काही राक्षस नाही,” सर हसून म्हणाले. “बाईंनी नवी मुलं येतील तेव्हा मोजावीत. खोलीतून आली की पुन्हा मोजावीत. मध्ये ढवळाढवळ तेवढी करायची नाही. मग जे निघेल ते आम्ही मानू.”

मंडळाला हे फार न्याय्य वाटलं. चिमटाबाईंनाही त्या क्षणी वाटलं.

त्यांनी बालगृहात मुक्काम टाकला. पहिल्या दिवशी नव्या मुलांत एक मुलगी आली. दात पडलेले, आणि बडबड अशी की श्वास घ्यायला थांबायची नाही. बाईंनी एक प्रश्न विचारला की ती चार विचारी. तुम्हाला मुलं आहेत का? तुमचा पेन एवढा जाड का? इथे रात्री दिवा ठेवतात का? बाईंनी उत्तरं टिपली. सगळं ठणठणीत होतं. पहिली मोजणी इतकी स्वच्छ त्यांच्या हाताला आजवर लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलगी एका सेविकेला चावली. नव्या समुपदेशकाने सही केली.

चिमटाबाई व्हरांड्याच्या टोकाला खुर्ची टाकून बसल्या. आतून बडबड ऐकू येत होती. आधी मुलगी दाराशी भांडली. मग तिने स्वतःलाच एक गोष्ट सांगितली, राक्षसाचा आवाज काढून. मग गोष्ट अर्धीच सोडून तिने विचारलं, “बाहेर कुणी आहे का?”

बाई हलल्या नाहीत. एका मुलीने पुरावा होत नाही, पण सुरुवात होते. अशी पुष्कळ मुलं मोजली की खोली पडणार होती, कायमची, सगळ्यांसाठी. त्यासाठी एवढंच करायचं होतं: बसून राहायचं.

“कुणी आहे का?” मुलीने पुन्हा विचारलं. मग “जाडपेनवाल्या बाई!” अशी हाक आली. मग आणखी एक, बारीक. दुपार कलली तसा आवाज थांबला.

बाई कानोसा घेत राहिल्या. त्यांना हवी होती ती हीच शांतता. ती जितकी लांबेल तितका आकडा ठळक येणार होता. हा विचार मनात पूर्ण होताच त्यांना स्वतःचीच अशी शिसारी आली की त्या खुर्ची पाडून उठल्या. धावत जाऊन त्यांनी कडी काढली.

अधीक्षिका मागून आली. “मॅडम, असं मध्येच? मग तुमचा अभ्यास?”

“बाद.”

“सरांना कळवावं लागेल मला.”

“कळवा.”

सरांचा फोन लगेच आला. “म्हणजे तुमच्याकडे आता काहीच नाही,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट समाधान होतं.

“नाही,” चिमटाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.

मुलगी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाईंनी तिला उठवलं, बाहेर आणलं, नळावर तोंड धुवायला लावलं. उन्हाने तिचे डोळे मिटत होते. तिची नजर व्हरांड्याच्या टोकाला पडलेल्या खुर्चीवर गेली.

“तुम्ही तिथे बसला होता?”

“हो.”

“मी हाक मारली तेव्हा पण?”

चिमटाबाईंनी मान हलवली.

मुलीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग आपला हात हळूच त्यांच्या हातातून सोडवून घेतला आणि ती निघाली. बाई तिच्या मागोमाग अंगण ओलांडून, पायऱ्या चढून, पार तिच्या खाटेपर्यंत गेल्या. वाटेत तिने एकही प्रश्न विचारला नाही.